डोंगर चढायचा तर बसने या: यूकेतल्या मराठी ट्रेक ग्रुपांना खुलं पत्र

मुक्काम होप, डर्बीशायर

यूकेतल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणीस, आणि त्याहून जास्त त्या मंडळांतून फुटून निघालेल्या असंख्य ट्रेक ग्रुपांच्या ॲडमिनांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या एका जूनमध्ये तुमच्यापैकीच एका ग्रुपबरोबर मी आमच्या गावाजवळच्या लूज हिल या डोंगरावर गेले होते. ग्रुपचं नाव सांगत नाही, कारण त्यातल्या निम्म्या घरांत माझं जेवणखाण आहे. नऊ कुटुंबं, आठ गाड्या. त्याच धारेवरच्या मॅम टॉर डोंगराखालचा वाहनतळ सकाळी दहालाच भरलेला. मग एक गाडी इथे, दोन तिथे असं करत आम्ही पलीकडच्या एडेल गावाच्या अरुंद रस्त्याला लागलो आणि कडेच्या गवतावर गाड्या चढवल्या. संध्याकाळी परत येऊन बघतो तर एका गाडीच्या वायपरखाली कागद. शिवीगाळ नाही, धमकी नाही. या फाटकातून ट्रॅक्टर आत न्यायचा होता, गवत कापून पडलंय आणि उद्या पावसाचा अंदाज आहे, एवढंच पेन्सिलने लिहिलेलं. ते फाटक आहे हेच आमच्या लक्षात आलं नव्हतं. गंजलेलं, निळ्या सुतळीने बांधलेलं, दोन्ही बाजूंनी खाजकुइरीसारखी खाजवणारी नेटलची झुडपं माजलेली. ज्याची गाडी होती तो स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, तासगावकडचा. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि घरी पोचेपर्यंत कुणाशी धड बोलला नाही.

तेव्हापासून हे पत्र लिहायचं डोक्यात होतं.

आधी एक कबुली देते, म्हणजे मी फार शहाणपणा शिकवतेय असं वाटायला नको. मी बसने फिरते ते पर्यावरणाच्या कळवळ्यामुळे नाही. इथल्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी तीनदा नापास झाले, त्यातल्या दोन वेळा एकाच गोल चौकात. चौथ्यांदा फी भरायची हिंमत झाली नाही. नवऱ्याची नोकरी शेफिल्डला, आम्ही राहतो होप गावात, त्यामुळे पर्याय दोनच: घरात बसा किंवा बस धरा. बस धरली. आता सहा वर्षं झाली आणि या दरीतल्या ज्या वाटा मला पायाखालच्या झाल्यात त्या गाडीवाल्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नाहीत, असं मी जरा मिजाशीत सांगू शकते.

होप कुठे आहे ते सांगते. मँचेस्टर आणि शेफिल्ड या दोन कारखानदार शहरांच्या मध्ये पीक डिस्ट्रिक्टचं राष्ट्रीय उद्यान पसरलंय. ब्रिटनमधलं हे पहिलं, १९५१ सालचं. शेफिल्ड महापालिकेच्या हद्दीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग या उद्यानात येतो. म्हणजे शहरातल्या बसमध्ये बसायचं आणि उतरायचं ते थेट माळरानावर. २७२ नंबरची बस शेफिल्डहून निघते आणि फॉक्स हाउस, हॅदरसेज, बॅमफर्ड, होप अशी गावं घेत कॅसलटनला संपते. पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता, साधारण तासाभराचा. शहर मागे पडलं की तपकिरी, जांभळट माळ सुरू होतो. दगड आणि हेदरची झुडपं सोडली तर नजरेला काही लागत नाही. आणि मग हॅदरसेजच्या अलीकडे एका वळणावर रस्ता कातळात शिरतो, बस झुकते, आणि अख्खी होपची दरी एकदम पायाशी उघडते. त्या वळणाचं नावच सरप्राइज व्ह्यू. दुमजली बस असेल आणि वरची पुढची सीट मिळाली तर काय विचारता. गाडीतून हे दिसतच नाही. चालवणाऱ्याची नजर वळणावर, बाकीच्यांची मोबाइलच्या नकाशावर, आणि मध्ये दगडी भिंत.

या दगडी भिंतींबद्दल एक सांगायचंय. इथे त्यांचं फार कौतुक होतं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आपल्या कोकणातल्या माणसाला यात नवल वाटू नये. हा सरळ सरळ गडगा आहे. माझ्या सासूबाई मालवणच्या. त्या पहिल्यांदा बसमधून आल्या तेव्हा खिडकीतून बघून म्हणाल्या, "गडगे बरे घातलेत हो यांनी." आणि मग वाटभर कुठला नीट घातलाय, कुठला ढासळलाय याचा हिशेब देत बसल्या.

आता मुद्द्यावर येते. गाडी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. पण डोंगरात जाताना गाडी तुमच्या पायांत दावं अडकवते. खुंट्याला बांधलेलं जनावर जसं दाव्याच्या लांबीएवढंच गोल गोल चरतं, तसं आपण वाहनतळाभोवती फिरतो. जिथून निघालो तिथेच परत यायचं, कारण गाडी तिथे आहे. म्हणून तर तुमच्या सगळ्या ग्रुपांवर त्याच चार गोल वाटा फिरत असतात. मॅम टॉरचा वर्तुळाकार ट्रेक, वेळ तीन तास, अवघड नाही, वाहनतळाचं पिनकोड अमुक. पण या वाटा गोल फिरण्यासाठी कुणी पाडलेल्याच नव्हत्या. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला पाडल्या होत्या. मीठ वाहणारी तट्टं, गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया, मेंढ्या हाकणारे, मढं खांद्यावर घेतलेले लोक. एकही माणूस निघाल्या जागी परत येण्यासाठी डोंगर चढत नव्हता.

आणि हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का? मी जुन्नरची. लहानपणी कल्याणच्या मामाकडे जायचं तर वडील कधीतरी मुद्दाम आम्हाला नाणेघाटाने न्यायचे. जुन्नरहून एसटीने घाटघरपर्यंत, तिथून चालत घाटमाथा, जकातीच्या रांजणापाशी थांबून पाणी, गुहेतला सातवाहनांचा शिलालेख बघायचा, की फरसबंद नळीतून खाली वैशाखरेला. तिथे हमरस्त्यावर दप्तरं उशाला घेऊन बसायचं आणि नगर-कल्याण एसटीला हात करायचा. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. तुमच्यातल्या जुन्या मंडळींनी भोरगिरी ते भीमाशंकर केलंय, राजगड ते तोरणा केलंय. तेव्हा गाडी नव्हती म्हणून, कबूल. पण त्यामुळे दोन टोकांची वाट पायाखालून गेली. मग इथे येऊन आपण असे वाहनतळाचे कैदी कसे झालो?

माझी सगळ्यात आवडती वाट एडेल ते कॅसलटन. आम्ही होपहून एडेलला रेल्वेने जातो, एकच स्टेशन. (स्टेशन गावाबाहेर आहे, चालत पंधरा मिनिटं. हे विसरून मी एकदा गाडी चुकवलीय.) एडेलहून समोरची धार चढायची, हॉलिन्स क्रॉस नावाच्या खिंडीत पोचायचं आणि पलीकडे कॅसलटनला उतरायचं. सगळं मिळून पाच-सहा किलोमीटर. एडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा तिथली माणसं मढं याच खिंडीतून कॅसलटनच्या दफनभूमीत न्यायची. पुढे एडेलला सुताची गिरणी झाली, तर कॅसलटनच्या बाया हीच वाट उलट्या बाजूने रोज तुडवायला लागल्या, पहाटे जायचं आणि रात्री यायचं. हिवाळ्यात खिंडीत उभं राहून बघा. वारा असा येतो की डोळ्यांतून आपोआप पाणी गळतं. मी तिथे शाल डोक्यावरून घेऊन उभी असते आणि मनात येतं, दिवसभर साच्यावर उभं राहून, पोराबाळांचं करून, वर हे. आता तिथे एक दगडी खूणखांब आहे आणि त्याला टेकून लोक सँडविच खातात. मीही खाते, माझ्या डब्यात बहुधा थालीपीठ असतं.

दुसरी वाट थेट माझ्या दारातून. होपच्या पूर्वेला विन हिल, पश्चिमेला लूज हिल, आणि मध्ये आमचं गाव. जिंकणं इकडे, हरणं तिकडे आणि मध्ये आशा. यावर इथे लढाईच्या कहाण्या सांगतात. त्या खऱ्या मानायचं कारण नाही, पण पोरांना सांगायला बऱ्या. लूज हिल चढायची, उंची ४७६ मीटर, आणि तिथून धारेधारेने बॅक टॉर, हॉलिन्स क्रॉस, मॅम टॉर. धार अशी की डावीकडे चुनखडीचा हिरवा, पांढरट मुलूख आणि उजवीकडे किंडरचं काळपट पठार, ६३६ मीटरचं. एका नजरेत दोन वेगळ्या जातींचा दगड. मॅम टॉर ५१७ मीटर, आणि तिथे पोचल्यावर गडप्रेमींनी जरा खाली वाकून बघावं. माथ्याभोवती जो मातीचा उंचवटा आणि चर दिसतो तो तट आहे, लोहयुगाच्याही आधीपासून वस्ती असलेल्या गडाचा. सेल्फीवाल्यांची रांग माथ्यावरच्या खांबापाशी लागते आणि तटावर मी एकटी असते.

मॅम टॉरहून कॅसलटनला उतरताना मोडका रस्ता लागतो. तो चुकवू नका. या डोंगराला इथे थरथरणारा डोंगर म्हणतात, कारण वालुकाश्माखाली ठिसूळ शेल खडक आहे आणि पाऊस मुरला की सगळा उतार सरकतो. शेफिल्डहून पश्चिमेला जाणारा मोठा रस्ता याच उतारावरून नेला होता. दर काही वर्षांनी तो खचायचा, वर नवं डांबर पडायचं, परत खचायचा. शेवटी १९७९ मध्ये प्रशासनाने हात टेकले आणि रस्ता कायमचा बंद केला. आज तिथे चालताना भाकरी मोडावी तसा रस्ता मोडलेला दिसतो. तुटल्या कडेला डांबराचे थर एकावर एक मोजता येतात. मी एकदा मुलीला मोजायला लावले, ती नवाला थांबली. पांढऱ्या रेघेचा एक तुकडा इथे, पुढचा तुकडा पुरुषभर खाली, आणि मधल्या फटीत मेंढी चरतेय. तिथून अर्ध्या तासात कॅसलटनचा बसथांबा. नऊ-दहा किलोमीटरची ही वाट गाडीवाल्याला कधी जमणार नाही, कारण त्याची गाडी तिकडे होपला उभी.

कॅसलटनमध्ये वेळ उरला तर केव्ह डेलमध्ये डोकावून या, म्हणजे घरांच्या मागची ती अरुंद घळ. डोक्यावर पेव्हरिलचा किल्ला, पायाखाली पावलांनी गुळगुळीत झालेली चुनखडी. पावसात मात्र जाऊ नका. मी गेले होते, आणि बसून उतरले.

शेफिल्डकडून येणाऱ्यांसाठी एक. होपपर्यंत येऊच नका, फॉक्स हाउसला उतरा. तिथून एक वाट पॅडलीच्या घळीतून ओकच्या जंगलातून ग्रिंडलफर्ड स्टेशनला जाते, म्हणजे बसने या आणि रेल्वेने जा. दुसरी वाट कार्ल वार्क या दगडी तटाच्या जुन्या ठाण्यावरून हिगर टॉर चढून हॅदरसेजला उतरते. पाय मजबूत असतील तर हॅदरसेजवरून स्टॅनेजच्या कड्याखाली जा. तिथे नेच्यांच्या झुडपांत जात्याच्या तळ्या पडल्यात, माणसाच्या कमरेएवढ्या, घडवून तयार झालेल्या आणि कुणी न नेलेल्या. गिऱ्हाईक आटलं, पाथरवट हत्यारं घेऊन निघून गेले, माल तिथेच राहिला. राष्ट्रीय उद्यानाने पुढे हीच तळी आपली खूण म्हणून घेतली, उद्यानाच्या हद्दीवर रस्त्याच्या कडेला तुम्ही ती पाहिली असेल.

पण तुम्हाला असंही वाटेल की कुणाच्या शेतातून असं बिनधास्त कसं जायचं. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर मराठी माणसाला एका शब्दात देता येतं: वहिवाट. इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक वहिवाटीच्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरच्या आहेत, बहुतेक खाजगी जमिनीतून जाणाऱ्या, आणि त्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाच्या, अधिकृत नकाशावर नोंदलेल्या आहेत. पिवळा बाण दिसला की चालणाऱ्याचा हक्क, निळा दिसला की घोडा आणि सायकललाही मुभा. शेतकरी वाट अडवू शकत नाही आणि तुम्ही वाट सोडून भलतीकडे जाऊ शकत नाही. आपल्याकडे पाणंद अडवली की तहसीलदाराकडे खेटे घालावे लागतात. माझ्या माहेरी एका शिवरस्त्यावरून दोन भावांचं बोलणं वीस वर्षं बंद आहे. त्यामुळे इथे पहिल्यांदा परक्याच्या अंगणाला लागून, त्याच्या कपडे वाळत घालायच्या दोरीखालून, हक्काने चालत गेले तेव्हा माझेच पाय अडखळत होते. आतून एक म्हातारा बघत होता. त्याने हात वर केला, मीही केला, संपलं.

हा हक्क काही राजाराणीने ओंजळीत टाकलेला नाही. उघड्या माळरानांवर तर तितर-बटेरांसारख्या ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी पहारे असायचे. २४ एप्रिल १९३२ ला हेफील्डहून काही शे तरुण, बहुतेक गिरण्या-कारखान्यांतले, ठरवून किंडर स्काउटवर घुसले. वर रखवालदारांशी झटापट झाली. नंतर पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९६५ मध्ये एडेलहून स्कॉटलंडपर्यंत जाणारा पेनाइन वे खुला झाला, आणि माळरानांवर मोकळं फिरायचा हक्क थेट २००० सालच्या कायद्याने मिळाला. लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मंडळाच्या शंभरीची तयारी करणाऱ्यांनी एक दिवस किंडरवरही काढावा, एवढं सुचवते. तेही शंभरीचंच वर्ष असेल.

आणि हे सांगण्याचं कारण असं की ते तरुण शहरातून आले ते रेल्वेने, बसने आणि पायी. गाडी कुणाकडे होती? डोंगराचा हक्क ज्यांनी मिळवला त्यातले बहुतेक तिकीट काढून नाहीतर पायी आले होते.

आता बसचं अर्थकारण, थोडक्यात. लंडनबाहेर बहुतेक ठिकाणी १९८६ पासून बससेवा बाजारावर सोडलेली आहे. कंपनीला परवडेल तो मार्ग ती चालवते, परवडत नाही त्यातले काही कौन्सिल पैसे देऊन चालू ठेवते, बाकीचे जातात. आमच्या भागातली शंभर वर्षांहून जुनी एक बस कंपनी २०२५ च्या मार्चमध्ये बंद पडली. बरेच मार्ग दुसऱ्यांनी उचलले, पण त्या आठवड्यात थांब्यावर उभ्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे मी पाहिलेत. माझ्या शेजारीण आजींना बेकवेलच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि त्यांना कुणीच नीट सांगत नव्हतं की उद्या बस आहे की नाही. जानेवारीतल्या मंगळवारी दुपारच्या बसमध्ये आम्ही चारपाच टाळकी असतो. ती बस जगते ती उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या तिकिटांवर आणि कौन्सिलच्या मेहरबानीवर. तुम्ही कार्ड टेकवता तेव्हा मशीन एक प्रवासी मोजतं. मार्ग बंद करायचा की ठेवायचा या बैठकीत तोच आकडा टेबलावर येतो. आणि गाडी तुम्ही कितीही जपून, कितीही सौजन्याने लावलीत तरी ती या आकड्यात येत नाही.

पैशाचं म्हणाल तर एका वेळचं भाडं जास्तीत जास्त ३ पौंड, २०२५ पासून. त्याआधी दोन वर्षं २ होतं. चार जणांचं कुटुंब असेल तर पेट्रोल आणि वाहनतळाच्या पावतीपेक्षा बस महाग पडू शकते, हे मी नाकारत नाही. तुमच्यातले जे इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत आणि सरकारी पेन्शनच्या वयाला पोचलेत त्यांना तर पासवर फुकट आहे, आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर आणि शनिवार-रविवारी दिवसभर. किती काका-काकू तो पास काढून कपाटात ठेवतात! भारतातून आलेल्या आईवडिलांना तो मिळत नाही, त्यांचे तीन पौंड भरा.

तक्रारी मला पाठ आहेत. रविवारी बस कमी असते. असते. शेवटची बस लवकर जाते. जाते, आणि ती चुकली तर टॅक्सी मिळेलच असं नाही, म्हणून मी नेहमी शेवटून दुसरी धरते आणि शेवटची हाताशी ठेवते. लहान बाळ, बाबागाडी, डायपरची पिशवी घेऊन बस नको वाटते, यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही गाडीने या, फक्त फाटक बघून लावा. वेळापत्रक बदलतं, शाळेच्या सुट्टीत वेगळं असतं, म्हणून आदल्या रात्री बघायचंच. आणि पाऊस. पावसाबद्दल सह्याद्रीत भिजलेल्या माणसांनी बोलू नये.

माझी मागणी छोटी आहे. वर्षातल्या तुमच्या दहाबारा ट्रेकांपैकी निदान तीन बसच्या वेळापत्रकावरून आखा. आधी थांबे बघा, दोन थांब्यांमधली वाट शोधा, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्सप्लोरर नकाशावर हिरव्या तुटक रेघा असतात त्याच त्या वाटा, आणि मग तारीख ठरवा. ग्रुप मात्र दहाबाराच्या वर नको. हे जास्त कळकळीने सांगते, कारण मागे एकदा चाळीस जणांचा घोळका, आपला नव्हता पण आपलाही असू शकला असता, होपच्या थांब्यावर एकदम बसमध्ये चढला आणि पिशव्या घेऊन उभ्या दोन बायकांना ड्रायव्हरने मान हलवून नाही म्हटलं. गावच्या माणसाला त्याच्याच बसमध्ये जागा नाही, हे फाटक अडवण्याइतकंच वाईट. जास्त माणसं असतील तर रेल्वेने या, डबे मोठे असतात. आणि मार्गाबद्दल कौन्सिल लोकांची मतं मागवते तेव्हा मंडळाच्या वतीने एक पत्र पाठवा. आपण गणपतीच्या हॉलसाठी किती चिकाटीने ईमेल लिहितो हे मी कमिटीत राहून पाहिलंय. त्यातली एक ईमेल इकडे वळवा.

थोडे रीतिरिवाज. मेंढ्यांच्या शेतात फाटक जसं सापडलं तसं सोडायचं, उघडं तर उघडं, लावलेलं तर लावलेलं. वाटेत किसिंग गेट लागतं, अर्ध्या पिंजऱ्यासारखं, एकावेळी एकच माणूस जातो. नाव ऐकून पोरं फिदीफिदी हसतात, हसू द्या, फाटक दोन्हीकडच्या खांबांना नुसतं टेकतं म्हणून ते नाव. दगडी भिंतीवर चढून पलीकडे जायचं नाही, पायऱ्या असतात. भिंतीतला एक दगड निसटला तर तो परत नीट बसवायला कुणाचातरी अर्धा दिवस जातो, आणि सासूबाईंना विचारा तो कसा जातो.

बसमध्ये चिखलाचे बूट घेऊन चढायचं तर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवा आणि बुटांवर चढवा. दिसतं विचित्र, पण ड्रायव्हर ओळख ठेवतो. उतरताना त्याला थँक यू म्हणायचं, इथे सगळे म्हणतात, शाळकरी पोरंसुद्धा.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मी होपच्या थांब्यावर असेन, शेफिल्डकडून सकाळी येणाऱ्या बसची वाट बघत. लूज हिल, धार, मोडका रस्ता, कॅसलटन. दहा जण आलात तर बरं, दोघं आलात तरी निघू. डबा आपापला. चहा कॅसलटनला, माझ्याकडून.

तुमचीच,
होपच्या बसथांब्यावरची एक जुन्नरकरीण

ता. क. थांब्यावर नुसतं उभं राहू नका, बस दिसली की हात बाहेर काढा. पहिल्या वर्षी मी जुन्नरच्या सवयीने पिशवी सावरत रस्त्याकडे बघत उभी होते. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि बस निघून गेली. पुढची एक तासाने होती. हिवाळ्यात अंधार झाल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून हलवा.